लाल डावा, हिरवा उजवा

गेटवेच्या पायऱ्या उतरून मांडव्याच्या लाँचमध्ये पाय ठेवला की रस्त्यावरचा एक नियम काठावरच राहतो. आपण डावीकडून चालणारी माणसं. पाण्यावर मात्र उजवी बाजू धरायची असते. अरुंद खाडीत किंवा बंदराच्या वाटेत प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताच्या कडेने जायचं आणि दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनीही उजवीकडे वळायचं. आकाशातही हेच. समोरून विमान आलं तर दोन्ही वैमानिक उजवीकडे वळतात. रस्त्यावर आपल्यासारखेच डावीकडून चालणारे इंग्रजही समुद्रात गेले की उजवीकडचे होतात.

नियम सोपा आहे, अडचण अंधाराची आहे. रस्त्याला कडा असतात, दुभाजक असतो, समोरच्या गाडीचा तोंडवळा दिसतो. रात्रीच्या समुद्रात लांब एक ठिपका लुकलुकतो तेव्हा ती बोट आपल्याकडे येते आहे, आपल्यापासून दूर जाते आहे की आडवी चालली आहे, हे कसं ओळखायचं? यासाठी बोटीच्या अंगावर दिवे असतात. ते तिला वाट दिसावी म्हणून नव्हेत, तिचं तोंड कुठे आहे हे इतरांना कळावं म्हणून. मोटारीच्या हेडलाइटची सवय असलेल्या माणसाच्या हे पटकन लक्षात येत नाही.

आधी डाव्या-उजव्याचा घोळ निस्तरू. बोटीत माणसं चारी दिशांना तोंड करून बसलेली असतात. कुणी जाळं ओढतो आहे, कुणी मागच्या बाजूला इंजिनाशी झटतो आहे. अशा वेळी 'डावीकडे बघ' असं ओरडलं तर ती डावी कुणाची? म्हणून जहाजावर डावं-उजवं माणसाचं धरत नाहीत, जहाजाचं धरतात. पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताला येते ती स्टारबोर्ड आणि डाव्या हाताला येते ती पोर्ट. तुम्ही पाठमोरे बसा, आडवे पडा, या बाजू हलत नाहीत. डॉक्टरसुद्धा पेशंटसमोर उभं राहून 'डावा पाय' म्हणतात तो पेशंटचाच असतो, तसंच हे.

नावांची कुळकथा थोडक्यात अशी. जहाजाच्या मधोमध मागे सुकाणू बसवण्याच्या आधीच्या काळात युरोपातल्या नावा एका मोठ्या वल्ह्याने वळवत आणि ते वल्हं उजव्या कडेला बांधलेलं असे. उजवी बाजू त्यामुळे वळवण्याची बाजू ठरली. धक्क्याला लागताना हे वल्हं दगडावर आपटू नये म्हणून नाव डाव्या अंगाने लावत, म्हणून डावी ती बंदराची बाजू. डावीला आधी लारबोर्ड म्हणत. वादळात 'लारबोर्ड' आणि 'स्टारबोर्ड' हे दोन हुकूम कानाला सारखेच ऐकू येतात. १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड काढून टाकून पोर्ट पक्कं केलं आणि दोन वर्षांनी अमेरिकेच्या नौदलाने तेच केलं.

आपल्या किनाऱ्यावरून इंग्रजांच्या गलबतांवर चढलेल्या खलाशांनी, म्हणजे लस्करांनी, हे शब्द घेतलेच नाहीत. त्यांच्या जहाजी बोलीत उजवी बाजू 'जमना' आणि डावी 'दावा', पुढची 'अगिल' आणि मागची 'पिछिल' होती. जमना थेट गुजरातीतून आलेला. डोलकाठी नुसती 'डोल', सुकाणू धरणारा 'सुकाणी' आणि तांडेल तर आजही कोळीवाड्यात तांडेलच आहे. गोरे अधिकारी स्टारबोर्ड म्हणोत, दोरखंड ओढणारी माणसं जमना म्हणत होती. जहाज बुडत नव्हतं, कारण बाजू कुणाची याबद्दल दोघांचं एकमत होतं.

खरा घोळ बाजूंच्या नावात नव्हता, हुकुमात होता. छोट्या होडीच्या मागे बसून सुकाणूचा दांडा हातात घेतला असेल तर ठाऊक असेल की दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते. मागे लावलेल्या आउटबोर्ड मोटरच्या मुठीचंही तसंच. शिडाच्या जहाजांवरचे हुकूम या दांड्याला उद्देशून असत. 'स्टारबोर्ड' म्हणजे दांडा उजवीकडे, म्हणजेच जहाज डावीकडे. पुढे दांडा जाऊन चाक आलं, वाफेची इंजिनं आली, तरी हुकूम तोच राहिला. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकसमोर हिमनग आला तेव्हा अधिकारी मर्डॉक यांनी 'हार्ड अ-स्टारबोर्ड' असा हुकूम दिला आणि जहाज डावीकडे वळलं. यात चूक नव्हती, त्या काळी तेच बरोबर होतं. चाकावरच्या माणसाने उजवीचा हुकूम ऐकून चाक डावीकडे फिरवायचं, असा हा कारभार ब्रिटिश जहाजांवर १९३२ पर्यंत चालला. १ जानेवारी १९३३ पासून कायद्याने तो बदलला आणि 'स्टारबोर्ड' म्हणजे जहाजाने उजवीकडे वळायचं असं ठरलं. आयुष्यभर उलटं ऐकलेल्या सुकाण्यांनी त्या पहिल्या आठवड्यात काय केलं असेल देव जाणे.

आता दिवे. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. लक्षात ठेवायला मराठीत अगदी सोपं आहे. लाल आणि डावा दोन अक्षरी, हिरवा आणि उजवा तीन अक्षरी. मागच्या टोकाला पांढरा दिवा. बोट इंजिनावर चालत असेल तर डोलकाठीवर पुढे बघणारा आणखी एक पांढरा दिवा आणि ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाज असेल तर असे दोन, पुढचा खाली आणि मागचा वर. ब्रिटनने वाफेच्या जहाजांना हे लाल-हिरवे दिवे १८४८ मध्ये सक्तीचे केले. १८८९ च्या वॉशिंग्टन परिषदेत बरेच देश एका नियमाखाली आले. आज जगभर चालतात ते टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत, ते १५ जुलै १९७७ पासून लागू झाले.

दिव्यांच्या रंगाइतकीच त्यांची व्याप्ती महत्त्वाची आहे. लाल आणि हिरवा दिवा चहूकडे प्रकाश टाकत नाही. प्रत्येक दिवा बरोबर नाकासमोरून सुरू होऊन आपल्या बाजूने थोडा मागेपर्यंत, ११२.५ अंशांत दिसतो. मागचा पांढरा उरलेल्या १३५ अंशांत. बेरीज करून पाहा, ३६० भरते. म्हणजे तुम्ही कुठेही असा, त्या बोटीचा एक तरी दिवा तुम्हाला दिसणारच, आणि कोणता दिसतो त्यावरून तुम्ही तिच्या कोणत्या अंगाला आहात हे कळतं. नुसता पांढरा दिसला तर तुम्ही तिच्या मागे आहात. लाल दिसला तर तिचं डावं अंग तुमच्याकडे आहे, म्हणजे ती तुमच्या नजरेसमोरून डावीकडे चालली आहे. हिरवा दिसला तर उजवीकडे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती सरळ तुमच्याच अंगावर येते आहे, आणि घाम फुटायला हरकत नाही.

यापुढची गंमत मला या साऱ्या व्यवस्थेतली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. दोन इंजिनाच्या बोटी एकमेकींच्या वाटा छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी आहे तिने वाट द्यायची, असा नियम आहे. समजा माझ्या उजवीकडून एक बोट आडवी येते आहे. तिचं डावं अंग माझ्याकडे असणार, म्हणून मला तिचा लाल दिवा दिसतो आणि थांबायचं मलाच आहे. तिला मात्र मी तिच्या डावीकडे दिसतो, माझं उजवं अंग तिच्याकडे असतं, म्हणून तिला माझा हिरवा दिवा दिसतो आणि तिने आहे तसंच पुढे जायचं आहे. मध्ये पोलीस नाही, खांब नाही, तरी एकाला लाल आणि दुसऱ्याला हिरवा सिग्नल मिळाला, तोही एकाच वेळी आणि बरोबर माणसाला. ज्याला हिरवा मिळाला त्याच्यावरही एक बंधन आहे. त्याने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. मध्येच चांगुलपणा करून आपणही वळायला गेलं की समोरच्याचा हिशेब चुकतो. आपल्या चौकांत 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत दोन स्कूटरवाले एकमेकांवर आदळतात, ते समुद्रात परवडत नाही.

नियम माहीत असूनही काय होऊ शकतं ते २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, नॅनटकेट बेटाच्या दक्षिणेला दिसलं. इटलीचं 'आंद्रेआ दोरिया' हे दिमाखदार प्रवासी जहाज न्यूयॉर्ककडे चाललं होतं आणि न्यूयॉर्कहून निघालेलं स्वीडनचं 'स्टॉकहोम' समोरून येत होतं. दोघांकडे रडार होतं, दोघांनी एकमेकांना रडारवर पाहिलं होतं. 'दोरिया' दाट धुक्यात होती. तिच्या कप्तानाला वाटलं, समोरचं जहाज आपल्या उजव्या हाताला आहे, तेव्हा उजव्या अंगानेच एकमेकांना ओलांडू. मधलं अंतर वाढावं म्हणून त्याने जहाज किंचित डावीकडे घेतलं. 'स्टॉकहोम'वरच्या तरुण तिसऱ्या अधिकाऱ्याला रडारवर 'दोरिया' आपल्या किंचित डावीकडे दिसत होती, म्हणून त्याने रिवाजाप्रमाणे डाव्या अंगाने ओलांडायचं ठरवलं. धुक्यातून दिवे उमटले तेव्हा त्याला लाल दिसला. अंदाज बरोबर निघाला असं वाटून तो आणखी उजवीकडे वळला. पुन्हा पाहिलं तर लाल गेला होता आणि त्या जागी हिरवा आला होता. 'दोरिया' डावीकडे वळत वळत त्याच्या नाकासमोरून आडवी चालली होती. एक उजवीकडे वळला, दुसरा डावीकडे, म्हणजे दोघेही एकाच अंगाला आले. 'स्टॉकहोम'चं बर्फ फोडण्यासाठी मजबूत केलेलं टोक 'दोरिया'च्या उजव्या कुशीत घुसलं. ५१ माणसं गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'दोरिया' तळाला गेली. खटला पुढे तडजोडीने मिटला, दोष कुणाचा हे कोर्टाने कधी ठरवलंच नाही. 'दोरिया'ने डावीकडे वळणं ही पहिली चूक, असं माझं मत. समोरासमोरच्या गाठीत डावीकडे वळायचं नाही, हा नियम अशा थोड्याशा वळणासाठीच केलेला आहे.

टक्कर होणार की नाही हे आधी ओळखायची एक जुनी युक्ती आहे आणि तिला कोणतंही यंत्र लागत नाही. लांबचा दिवा आपल्या बोटीच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरायचा आणि डोकं न हलवता, आपली बोट न वळवता काही मिनिटं पाहत राहायचं. दिवा खांबाच्या पुढे सरकला तर ती बोट आपल्या पुढून निघून जाईल, मागे सरकला तर मागून. आणि दिवा तिथेच राहून नुसता मोठा होत गेला तर टक्कर ठरलेली आहे. वैमानिकांनाही हे शिकवतात. ज्याच्याशी टक्कर होणार आहे ते विमान काचेवर एका जागी थिजलेलं दिसतं आणि नजर सरकत्या वस्तूवर आधी जाते म्हणून नेमकं तेच नजरेतून सुटतं.

दिव्यांची भाषा इथे संपत नाही. मासेमारी करणाऱ्या बोटीने पांढऱ्या दिव्याच्या वर हिरवा लावला तर ती ट्रॉल ओढते आहे, पांढऱ्याच्या वर लाल लावला तर दुसऱ्या प्रकारचं जाळं पाण्यात आहे. याचा अर्थ मोठ्या जहाजाने समजायचा की हिला चटकन वळता येणार नाही. एकावर एक दोन लाल म्हणजे जहाज ताब्यात नाही. पांढऱ्याखाली लाल म्हणजे पायलट बोट. वल्ह्यांच्या होडीला यातलं काही नको, हाताशी पेटता कंदील किंवा टॉर्च ठेवला आणि वेळेवर दाखवला तरी नियम पाळला गेला.

बंदरात शिरण्याच्या वाटेवरच्या तरंगत्या बोयांनाही हेच रंग आहेत आणि तिथे जगाची दोन शकलं झाली आहेत. मुंबईत शिरताना लाल बोये डाव्या हाताला येतात आणि हिरवे उजव्या हाताला, बोटीच्या स्वतःच्या दिव्यांसारखेच. न्यूयॉर्कमध्ये बरोबर उलटं. उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स एका पद्धतीचे, आपण आणि उरलेलं जग दुसऱ्या. १९८० मध्ये याचं एकीकरण करायला बसलेल्या देशांनी शेवटी दोन विभाग पाडून विषय मिटवला. बोटीवरचे दिवे मात्र सगळीकडे सारखेच आहेत, एवढं बरं.

विमानांनी हा सगळा संसार समुद्रावरून उचलला. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याच्या टोकाला हिरवा, शेपटीकडे पांढरा. अंश थोडे वेगळे आहेत, ११०, ११० आणि १४०. प्रवासी डाव्या दाराने चढतात, जशी नाव डाव्या अंगाने धक्क्याला लागायची. रात्रीच्या विमानात 'ए' सीट मिळाली आणि पंखाच्या मागे बसलात तर टोकाजवळ लालसर उजेड दिसेल, 'एफ' सीटवाल्याला हिरवा. हे दिवे स्थिर असतात. झपझप चमकणारे पांढरे स्ट्रोब वेगळे आणि पोटाखाली-पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा वेगळा. तो लाल सुरू झाला की जमिनीवरचे कर्मचारी लांब होतात, कारण इंजिन सुरू होणार असतं किंवा झालेलं असतं. स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानालाही डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा आहे, म्हणजे हा रिवाज आता पृथ्वीबाहेरही गेला.

विमानात इंजिनांना डाव्या-उजव्याऐवजी आकडे असतात. वैमानिकाच्या डावीकडून १, २ अशी मोजणी. तरी ८ जानेवारी १९८९ ला हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७ मध्ये व्हायचं ते झालं. डाव्या इंजिनाच्या पंख्याचं पातं तुटलं, विमान थरथरलं, धूर आला. कोणतं इंजिन, असं कप्तानाने विचारल्यावर सहवैमानिकाच्या तोंडून आधी 'डावं'ची सुरुवात निघाली आणि मग त्याने 'उजवं' असं सांगितलं. त्यांनी चांगलं चालणारं उजवं इंजिन बंद केलं. योगायोगाने त्याच वेळी डाव्याची थरथर कमी झाली आणि निर्णय बरोबर असल्याचा भास झाला. अनेक प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या निघताना पाहिल्या होत्या, पण ही विसंगती कॉकपिटपर्यंत पोहोचली नाही. तातडीने उतरायला निघालेलं विमान केगवर्थ गावाजवळ, धावपट्टीच्या अलीकडे, महामार्गाच्या भरावावर आदळलं. १२६ जणांपैकी ४७ मेले. आज इंजिन बंद करताना एक वैमानिक दांड्यावर हात ठेवतो आणि दुसऱ्याने बघून होकार दिल्याशिवाय तो ओढत नाही.

घाटकोपर-कुर्ल्यात राहणाऱ्यांना हे सारं गच्चीवरून बघता येतं. पूर्वेकडून उतरायला येणारं विमान समोर दिसत असताना आधी लँडिंग लाइटच्या झगमगाटात रंग हरवतात. जवळ आलं की त्याच्या पंखांचे दिवे वेगळे होतात आणि हिरवा तुमच्या डाव्या हाताला असतो, लाल उजव्या हाताला. ते डोक्यावरून पलीकडे गेलं आणि तुम्ही वळून पाहिलंत की काही क्षण लाल डावीकडे, मग दोन्ही मावळून शेपटीचा पांढरा उरतो. मुलांना घेऊन एकदा ओळखायचा खेळ खेळून बघा, विमान कुठे चाललं हे ती आधी सांगतात.

शेवटी दोन शब्द बोटवाल्यांसाठी. नारळी पौर्णिमेला नाव पाण्यात लोटण्याआधी रंग नवा होतो, हार चढतात, अलीकडे एलईडीच्या माळाही चढतात. माळ सणापुरती ठीक, पण रात्रीच्या फेरीत ती लाल-हिरव्यावर मात करते, आणि बाजूच्या दिव्यांशी गल्लत होईल असा दुसरा दिवा लावू नये असं नियमातच म्हटलं आहे. बाजूचे दिवे नुसते पेटतात का एवढं बघून भागत नाही. नाव काठावर असताना तिच्या नाकासमोर वीस-पंचवीस पावलं लांब उभे राहा. दोन्ही दिवे दिसले पाहिजेत. आता तिच्या डाव्या अंगाकडे चार-पाच पावलं सरका. हिरवा दिसेनासा झाला पाहिजे. उजव्या अंगाकडे सरका, लाल दिसेनासा झाला पाहिजे. तसं होत नसेल तर दिव्याच्या आतल्या बाजूला काळ्या रंगाची फळी ठोका. खर्च नगण्य आहे, आणि फळी नसेल तर समोरून येणाऱ्या जहाजाला तुम्ही कुठे चालला आहात हे कळणार नाही.